सयाजीराव गायकवाड आणि बालवाचकाची घडण

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (१८६३-१९३९) यांचा उल्लेख बहुधा आश्रयदाते म्हणून येतो. त्यांनी ग्रंथकारांना साहाय्य केले, भाषांतरे करवून घेतली, ग्रंथमाला चालविल्या आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, या नोंदी वाङ्मयेतिहासात वारंवार आढळतात. त्या चुकीच्या नाहीत, मात्र अपुऱ्या आहेत. राजाश्रय ही आपल्याकडील जुनी परंपरा असून पंडित आणि कवी यांना पोसणारे राजे अनेक होऊन गेले. सयाजीरावांचे वेगळेपण असे की, लेखकाला आश्रय देऊन ते थांबले नाहीत. वाचक निर्माण करणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे असे त्यांनी मानले, आणि या कार्याचा आरंभ बालवयापासून झाला पाहिजे हे ओळखून त्यासाठी एक स्थायी व्यवस्था उभी केली. आश्रयाकडून व्यवस्थेकडे झालेले हे स्थित्यंतर त्यांच्या चरित्राच्या आधारे तपासून पाहण्यासारखे आहे.

२

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळ. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील असले, तरी कुटुंबाची राहणी शेतकऱ्याचीच होती. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती दिली. निवड गोपाळची झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन तो सयाजीराव झाला, त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही झालेली नव्हती.

चरित्रकारांनी या घटनेतील दैवयोगावर पुष्कळ भर दिला आहे. वाचनसंस्कृतीच्या दृष्टीने मात्र तिच्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते. ज्या वयात तत्कालीन शाळेतील मुलगा प्राथमिक शिक्षण संपवीत असे, त्या वयात या मुलाने मुळाक्षरे गिरवावयास घेतली. १८७५ च्या अखेरीस एफ. ए. एच. इलियट या मुलकी सेवेतील अधिकाऱ्याची त्यांचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, इतिहास, गणित, शिवाय व्यायाम आणि अश्वारोहण असा भरगच्च अभ्यासक्रम होता. दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८१ मध्ये राज्यकारभाराच्या तत्त्वांवर त्यांना व्याख्याने दिली. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली.

अशा रीतीने सुमारे सहा वर्षांत निरक्षर मुलाचा राज्यकर्ता झाला. या शिक्षणाचे दोन परिणाम त्यांच्या पुढील आयुष्यावर झालेले दिसतात. पहिला म्हणजे अव्याहत वाचन. राज्यकारभाराच्या व्यापातही त्यांचे वाचन सुटले नाही. गिबनच्या रोमन साम्राज्यविषयक विस्तृत इतिहासाचे परिशीलन करून त्यांनी काढलेली टिपणे १८९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दुसरा परिणाम अधिक खोल होता. विद्या ही जन्माने वा घराण्याने येत नसून संधी आणि साधने मिळाली तर खेड्यातील मूलही ती आत्मसात करू शकते, याचा पुरावा त्यांच्यापुढे स्वतःच्याच रूपाने उभा होता. तथापि आपल्याला मिळालेली संधी ही अपवादात्मक होती याचीही त्यांना जाणीव असली पाहिजे. कवळाण्यातील त्यांच्या सोबत्यांपैकी कोणाला इलियटसारखा शिक्षक मिळणार नव्हता. अपवादाचे रूपांतर नियमात करावयाचे, तर प्रश्न एका विद्यार्थ्याचा न राहता संपूर्ण प्रजेचा होतो.

३

बडोदा राज्याची लोकसंख्या विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे वीस लाख होती. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले, मध्ये ब्रिटिश आणि अन्य संस्थानी मुलूख. बहुसंख्य प्रजा गुजराती भाषिक असून राजघराणे आणि अधिकारीवर्गाचा मोठा भाग मराठी भाषिक होता. १८९३ मध्ये अमरेली भागातील निवडक गावांत सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. त्याचा अनुभव घेऊन १९०६ मध्ये ही योजना सबंध राज्याला लागू करण्यात आली. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. ब्रिटिश सरकारने जे नाकारले, ते एका संस्थानात प्रत्यक्षात आलेले होते.

परंतु सक्तीच्या शिक्षणानेच एक नवा प्रश्न पुढे आणला. मुलगा बाराव्या वर्षी आणि मुलगी दहाव्या वर्षी शाळा सोडणार. त्यानंतर मुलगा शेतावर आणि मुलगी घरकामात किंवा सासरी. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र येत नाही, अशा स्थितीत शाळेत मिळविलेली अक्षरओळख काही वर्षांत पुसून जाणे अपरिहार्य होते. तसे झाले, तर शिक्षणावरील सारा खर्च आणि सक्तीची सारी कटुता व्यर्थ ठरणार होती. हीच अडचण लहान प्रमाणात दर वर्षीच्या दीर्घ सुट्टीतही होती, कारण शाळेचे दार बंद झाले की खेड्यातील मुलाचा पुस्तकाशी असलेला एकमेव संबंध तुटत असे. शाळा ही मर्यादित वयाची आणि मर्यादित काळाची संस्था आहे. वाचनाची सवय टिकवायची तर तिच्या जोडीला वयाची आणि वेळापत्रकाची अट नसलेली दुसरी संस्था हवी. ही दुसरी संस्था म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय, असे सयाजीरावांनी ठरविले. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचे बीज ग्रंथप्रेमाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या व्यावहारिक निकडीत आहे.

४

१९०६ मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेचा दौरा केला. तेथील शाळा, उद्योगसंस्था आणि सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. अमेरिकेतील ग्रंथालयांचा तो मोठ्या विस्ताराचा काळ होता. स्थानिक करांतून चालणारी, कोणाही नागरिकाला विनामूल्य ग्रंथ देणारी ग्रंथालये तेथे गावोगावी उभी राहत होती. विशेष म्हणजे मुलांना ग्रंथालयात मज्जाव असण्याची जुनी रीत मागे पडून त्यांच्यासाठी स्वतंत्र दालने, कथाकथनाचे तास आणि प्रशिक्षित ग्रंथपाल यांची योजना होत होती. १८९० नंतरच्या दशकात क्लीव्हलँड, पिट्सबर्ग यांसारख्या शहरांतील ग्रंथालयांनी मुलांपर्यंत स्वतःहून पोचण्याचे उपक्रम हाती घेतले होते. पिट्सबर्गमध्ये तर उन्हाळी सुट्टीत पुस्तके मुलांच्या क्रीडांगणावर नेण्यात आली. मुलाने ग्रंथालयापर्यंत येण्याची वाट न पाहता ग्रंथालयानेच मुलापर्यंत जावे, हा त्यामागचा विचार होता.

१९१० च्या दुसऱ्या अमेरिका भेटीत विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालाची बडोद्यासाठी निवड झाली. बोर्डन हे न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूट या संस्थेच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते. १९१० ते १९१३ या अल्प काळात त्यांनी स्वतंत्र ग्रंथालय खाते उभारले. राजवाड्यातील महाराजांचा सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह लोकांसाठी खुला करून त्यातून मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला. कटर आणि ड्यूई यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी वर्गीकरणपद्धती तयार केली, आणि १९११ मध्ये ग्रंथपालनाचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. १९१२ पासून खात्याचे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. ग्रंथालय या विषयावर मराठीतून नियतकालिकात लेखन येऊ लागण्याचा हा अगदी आरंभीचा टप्पा असूनही मराठी नियतकालिकांच्या अभ्यासात त्याची दखल अभावानेच घेतली जाते.

राजाने आपला खासगी ग्रंथसंग्रह प्रजेच्या हाती द्यावा, ही घटना प्रतीकात्मक म्हणून उल्लेखनीय आहेच. त्याहून मोलाचा होता मुक्तद्वार पद्धतीचा स्वीकार. वाचकाने स्वतः कपाटापाशी जावे, पुस्तके हाताळावीत आणि निवड करावी, ही मुभा त्या काळी आपल्याकडील ग्रंथालयांत अपरिचित होती. ग्रंथ कुलपात ठेवणे हेच ग्रंथपालाचे कर्तव्य समजले जात असे. बालवाचकाच्या दृष्टीने हा बदल निर्णायक म्हणावा लागेल, कारण मुलाला पुस्तकाचे नाव किंवा लेखक ठाऊक नसतो, तो चित्र पाहून, पाने चाळून पुस्तक निवडतो. यादीवरून पुस्तक मागण्याची पद्धत त्याला दारातच अडविते.

५

मध्यवर्ती ग्रंथालयात महिलांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाले. बालविभागात मुलांच्या उंचीला साजेसे फर्निचर, चित्रांची पुस्तके, बैठे खेळ आणि गोष्टी सांगण्याची सोय होती. खेळ आणि पुस्तक एकाच दालनात ठेवण्यामागे एक निश्चित शैक्षणिक दृष्टी होती. मूल प्रथम खेळण्यासाठी येते, मग चित्र पाहते, मग चित्राखालची ओळ वाचते. वाचन ही शिस्तीची बाब नसून आवडीची बाब व्हावी, असा हा क्रम. छडी आणि पाठांतर यांवर उभ्या असलेल्या तत्कालीन शाळेशी या दालनाचे वातावरण सर्वस्वी विसंगत होते, आणि तेच त्याचे सामर्थ्य होते.

ग्रंथालय खात्याच्या दृश्यशिक्षण शाखेने या कार्याला वेगळे परिमाण दिले. स्टिरिओस्कोप, जादूचा कंदील आणि पुढे चलच्चित्रे यांच्या साहाय्याने ही शाखा खेडोपाडी कार्यक्रम करीत असे. ज्यांना अद्याप वाचता येत नव्हते त्यांनाही ज्ञानव्यवहारात सामील करून घेण्याचा हा मार्ग होता. त्याला पूरक अशी फिरत्या ग्रंथालयांची योजना होती. निवडक पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खात्याच्या खर्चाने गावोगावी पाठविल्या जात. एका गावी त्या वाचून झाल्या की परत येत आणि दुसरी पेटी रवाना होई. ज्या गावाला कायमचे वाचनालय परवडत नव्हते, तेथील शाळा सुटलेल्या मुलाच्या हातात त्यामुळे नवे पुस्तक पडू शकत होते.

गावांतील वाचनालयांसाठी अनुदानाची जी पद्धत ठरली ती मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. खर्चाचा एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवावयाचा, तेवढाच पंचायतीने आणि तेवढाच सरकारने द्यावयाचा. यामुळे ग्रंथालय ही वरून आलेली देणगी न राहता गावाची स्वतःची संस्था बनत असे. या कामी मोतीभाई नरसिंहभाई अमीन यांचे परिश्रम असाधारण होते. पेशाने शिक्षक असलेल्या मोतीभाईंनी मित्रमंडळांच्या द्वारे गावोगावी वाचनालये काढण्याचे काम खाते स्थापन होण्यापूर्वीच आरंभिले होते, आणि पुढे त्या खात्यातही ते दाखल झाले. बोर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त यांनी ही परंपरा पुढे नेली. कुडाळकर यांनी १९१९ मध्ये आणि दत्त यांनी १९२८ मध्ये या चळवळीचा वृत्तांत इंग्रजी ग्रंथांतून मांडला. राजाची इच्छा, परदेशी तज्ज्ञाचे तंत्र आणि स्थानिक शिक्षकाची निष्ठा या तिहींच्या संयोगातून ही व्यवस्था उभी राहिली, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

६

दालन उभे राहिले, तरी त्यात ठेवावयाची पुस्तके कोठून आणावयाची, हा प्रश्न उरतोच. मराठीत त्या वेळी बालवाङ्मय मोजकेच होते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ पासून ‘बालबोध’ हे मासिक एकहाती चालविले होते, आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये, म्हणजे बडोद्यात सक्तीच्या शिक्षणाचा विस्तार झाला त्याच वर्षी, सुरू झाले. ही मासिके व्यक्तिगत ध्येयवादावर चालत होती आणि त्यांचा वाचक प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित कुटुंबांतील होता. सक्तीच्या शिक्षणातून येणाऱ्या नव्या वाचकाची गरज वेगळी होती.

१९१२ मध्ये सयाजीरावांनी साहित्यनिर्मितीसाठी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. त्यातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ आणि ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ या दोन ग्रंथमाला सुरू झाल्या. दोन्ही मालांत गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांतील पुस्तके निघाली. प्रौढांची माला आणि मुलांची माला यांना एकाच निधीतून समान प्रतिष्ठा मिळावी, ही गोष्ट त्या काळात असाधारण होती. बालज्ञानमालेचे नावच तिचे स्वरूप सांगते. तिच्यातील पुस्तकांचा कल ज्ञानाकडे, माहितीकडे आणि चारित्र्याकडे आहे. निखळ कल्पनाविलास, निरर्थक गमतीची गाणी, मुलाच्या अंतर्विश्वाचे चित्रण यांना तिच्यात फारसे स्थान नव्हते. वाङ्मयीन निकषांवर ही मर्यादा मान्य करावीच लागेल. परंतु ती त्या कालखंडातील प्रबोधनप्रधान दृष्टीची मर्यादा आहे. तिच्या काळात पुस्तकांची संख्या आणि उपलब्धता हाच पहिला प्रश्न होता.

७

या कार्याचे यशापयश तपासताना समाजरचनेचा विचार टाळता येत नाही. सयाजीरावांनी सत्तेवर येताच अंत्यजांसाठी शाळा काढल्या, परंतु त्यांत शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होत नव्हते. १९०८ मध्ये आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून या शाळांची जबाबदारी सोपविण्यात आली, ती याच अडचणीपोटी. शाळेची ही स्थिती, तर गावातील देऊळ, धर्मशाळा किंवा चावडी यांच्या आश्रयाने चालणाऱ्या वाचनालयाची काय असणार! सार्वजनिक हा शब्द नियमात लिहिणे आणि तो गावात उतरणे यांत मोठे अंतर होते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा वृत्तांत या अंतरावर प्रखर प्रकाश टाकतो. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळूसकर यांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याला पुस्तके पुरविली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीरावांकडून त्याला शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. शालेय वयातील वाचकाला हेरून त्याला साधने पुरविण्याचे याहून मोठे फलित कोणते असू शकेल? मात्र १९१७ मध्ये हेच आंबेडकर उच्च विद्या संपादून बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळाली नाही आणि कचेरीत अपमान सोसावे लागले. राजाने वाचक घडविला, परंतु त्या वाचकाला सामावून घेणारा समाज त्याला आपल्या राजधानीतही घडविता आला नव्हता. ग्रंथालयाची शक्ती आणि तिची सीमा, दोन्ही या एका प्रसंगात एकवटल्या आहेत.

दुसरी सीमा भाषेची होती. बडोद्यातील मराठी वाचक अल्पसंख्य होता. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या नगरात भरली, तरी ग्रंथालय चळवळीचा विस्तार स्वाभाविकपणे गुजराती खेड्यांत झाला, आणि तिची स्मृतीही गुजरातीतच अधिक जपली गेली. मराठी अभ्यासकांनी या चळवळीकडे दुर्लक्ष केले याचे एक कारण येथे सापडते.

८

सयाजीरावांचे उत्तरायुष्य कौटुंबिक दुःखांनी झाकोळलेले होते. फत्तेसिंहराव, शिवाजीराव आणि जयसिंहराव या तीन पुत्रांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. १९११ च्या दिल्ली दरबारातील वर्तनावरून इंग्रज सरकारची गैरमर्जीही त्यांनी ओढवून घेतली होती. बोर्डन यांच्या हातून ग्रंथालय खात्याची उभारणी चालू होती ती नेमकी याच वर्षांत. या साऱ्यातून शिक्षण आणि ग्रंथालय यांवरील त्यांचे लक्ष ढळले नाही. १९३२ मध्ये कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. बाराव्या वर्षापर्यंत अक्षरशत्रू असलेल्या मुलाने उतारवयात मराठी सारस्वतांचे अध्यक्षस्थान भूषवावे, यात त्या व्यक्तीचा गौरव आहेच, पण तिने आयुष्यभर केलेल्या प्रतिपादनाची सिद्धताही आहे. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मोतीभाई अमीन हेही १९३९ मध्येच निवर्तले.

१९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याबरोबर स्वतंत्र ग्रंथालय खात्याचे पर्वही संपले. मध्यवर्ती ग्रंथालय टिकून राहिले. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. ग्रामीण वाचनालयांना शासकीय अनुदान देण्याचे तत्त्व त्याने स्वीकारले, म्हणजे बडोद्याने अर्धशतकापूर्वी ज्या दिशेने पाऊल टाकले होते त्याच दिशेने. मात्र बालवाचक हा ग्रंथालय व्यवस्थेचा पाया मानण्याची बडोद्याची दृष्टी त्याच ठामपणे पुढे आली असे म्हणता येत नाही. बालविभाग हा बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाचा शेवटचा कोपरा राहिला आहे.

वाङ्मयाचा इतिहास हा लेखकांचा आणि ग्रंथांचा इतिहास म्हणून लिहिण्याची आपली रूढी आहे. ग्रंथ वाचले कोणी, त्या वाचकाच्या हाती ते कोणत्या मार्गाने आले, तो वाचक वयाच्या कोणत्या टप्प्यावर घडला किंवा गळाला, या प्रश्नांना त्यात स्थान नसते. सयाजीरावांच्या कार्याचे खरे मूल्यमापन या प्रश्नांच्या संदर्भातच होऊ शकते. त्यांनी साहाय्य केलेल्या ग्रंथकारांची यादी तयार करणे सोपे आहे. लाकडी पेटीतून आलेल्या पुस्तकामुळे ज्यांची अक्षरओळख टिकून राहिली, त्या मुलांची यादी कधीच तयार होणार नाही. परंतु पुढील पिढीच्या साहित्याला जो वाचक लाभला, तो अशाच अनामिक मुलांतून आला, आणि म्हणून ग्रंथालयाच्या बालदालनाचा इतिहास हा वाङ्मयेतिहासाचाच एक अनिवार्य भाग ठरतो.